मागच्या पानावरचा मजकूर

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकाच्या खोलीत येणारे पालक बहुधा दाखल्यासाठी येतात, नाहीतर एखादे गाऱ्हाणे घेऊन. गेल्या पावसाळ्यात एके दुपारी ज्या बाई आल्या, त्यांचे काम यांपैकी कोणतेच नव्हते. त्यांचा मुलगा आमच्या हाताखालून शिकून गेल्याला आता एक तप लोटले. तो गच्चीबावलीकडच्या एका मोठ्या कंपनीत संगणकाचे काम करतो. पगार चांगला आहे. काचीगुड्याचे जुने भाड्याचे घर सोडून त्याने आईला स्वतःच्या सदनिकेत नेले आहे. बाईंनी पिशवीतून एक फाईल काढून आमच्या टेबलावर ठेवली आणि त्या म्हणाल्या, "सर, तो मोटारसायकल पळवायला थायलंडला निघाला आहे. तुमचे ऐकतो, म्हणून आले. आणि हे विम्याचे कागद एकदा नजरेखालून घाला. मागच्या वेळीही तुम्हीच घातले होते."

शेवटचे वाक्य त्या अगदी सहज बोलून गेल्या. आम्हांस मात्र ते सहज घेता आले नाही.

मागची वेळ म्हणजे २००६ सालची. या वहिनींचे यजमान आमचे सहशिक्षक होते. शाळेतून घरी जाताना स्कूटरला अपघात होऊन ते गेले, तेव्हा हा मुलगा तिसरीत होता. दिवसकार्य आटोपल्यावर घरच्यांनी स्कूटरच्या विम्याचा कागद आमच्यापुढे ठेवला. आम्ही एम. ए. झालेले, भाषेचे शिक्षक. तेव्हा कागद वाचण्याचा मान आमच्याकडे यावा, हे ओघानेच आले. मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघातासाठी एक लाख रुपये, असे पहिल्या पानावर स्वच्छ छापलेले होते. दुचाकीला त्या काळी तेवढीच रक्कम असे. आम्ही ते मोठ्याने वाचले आणि धीर दिला, "वहिनी, एवढे तरी नक्की मिळतील." मागचे पान बारीक टाइपात होते. ते आम्ही वाचले नाही. ही रक्कम मिळण्यासाठी अपघातग्रस्त विमेदार हाच वाहनाचा नोंदणीकृत मालक असला पाहिजे, अशी अट त्या पानावर होती. स्कूटर जुनी घेतलेली होती. विमा आमच्या मित्राच्या नावे होता, परंतु नोंदणीच्या पुस्तकात नाव आधीच्या मालकाचेच राहून गेले होते. दिवाळीच्या सुट्टीत ते काम करून टाकू, असे ते नेहमी म्हणत. दावा नामंजूर झाला. आम्ही वहिनींसह त्या कचेरीत गेलो. तेथील अधिकारी उद्धट नव्हते. ते खालच्या आवाजात एवढेच म्हणाले, "कागदात जे नाही, ते मी कोठून देऊ?"

त्या दिवसापासून विम्याचा कोणताही कागद आम्ही मागच्या पानापासून वाचतो. परंतु ज्या घराला आम्ही पहिल्या पानावरून शब्द दिला होता, त्या घराचा कागद पुन्हा हाती येण्यास इतकी वर्षे जावी लागली.

रविवारी आम्ही त्या मुलास घरी बोलावले. खरे सांगायचे तर उपदेशाची सर्व तयारी करूनच बसलो होतो. पोह्यांची बशी हाती घेऊन त्यानेच आम्हांस चार गोष्टी शिकवल्या. 'ट्रॅक डे' म्हणजे शर्यत नव्हे, असे तो म्हणाला. शर्यतीसाठी बांधलेला बंदिस्त मार्ग एक-दोन दिवसांसाठी भाड्याने घेतात. पैसे भरणाऱ्या हौशी स्वारांना त्यांच्या तयारीप्रमाणे गटागटाने त्यावर सोडतात. समोरून वाहन येत नाही, म्हैस आडवी येत नाही. वळणावळणावर झेंडे घेतलेली माणसे आणि जवळच रुग्णवाहिका उभी असते. क्रमांक नाही, बक्षीस नाही. तो आणि त्याचे चार मित्र बुरीराम येथे जाणार होते. तेथील चांग सर्किट २०१४ साली खुले झाले, त्याची लांबी साडेचार किलोमीटर आहे, आणि २०१८ साली तेथे मोटोजीपी ही मोटारसायकलींची जागतिक शर्यत प्रथम झाली. मोटारसायकल तेथेच भाड्याने मिळणार होती.

"सर, वेगाची ओढ असेल त्याने ती रस्त्यावर भागवावी की अशा जागी?" असे त्याने विचारले, तेव्हा आमच्या उपदेशाची पहिली पायरीच निसटली. २०११ सालच्या सप्टेंबरात आपल्या शहराच्या बाह्य वळण रस्त्यावर भरधाव मोटारसायकलीला अपघात होऊन माजी क्रिकेट कर्णधार महंमद अझरुद्दीन यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा दगावला. त्याच्यामागे बसलेला नात्यातला मुलगाही वाचला नाही. ते दिवस हैदराबादकर विसरलेले नाहीत. सार्वजनिक रस्त्यावर शासनाच्या लेखी संमतीवाचून शर्यत लावणे हा तर मोटार वाहन कायद्याच्या १८९व्या कलमाखाली गुन्हाच आहे. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हुसेनसागराच्या काठी विजेवर चालणाऱ्या मोटारींची फॉर्म्युला ई शर्यत झाली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी. पुढच्या वर्षी या दोन्ही शर्यती झाल्या नाहीत. परंतु ज्या तरुणांनी त्या पाहिल्या, त्यांच्या मनात तो मार्ग कायमचा आखला गेला. बंदिस्त मार्गही निर्धोक नसतो, हे मात्र आम्ही त्यास ऐकवले. २०२३ सालच्याच ऑगस्टमध्ये चेन्नईजवळच्या मार्गावर राष्ट्रीय स्पर्धेत बंगळूरचा अवघ्या तेरा वर्षांचा स्वार प्राणास मुकला होता. त्याने मान खाली घातली. मग आम्ही म्हणालो, "जायचे की नाही, हे आपण मागाहून ठरवू. आधी कागद वाचू."

पहिला कागद त्याच्या मोटारसायकलीच्या विम्याचा होता. त्यावर 'सर्वंकष' असा शब्द ठळक छापलेला. मागे 'वापराच्या मर्यादा' या मथळ्याखाली एक परिच्छेद होता, आणि आपल्या देशातील बहुतेक सर्व वाहनविम्यांत तो असतोच. वाहन भाड्याने चालवणे, संघटित शर्यत, शर्यतीतील इतरांना वेग आखून देण्यासाठी पुढे धावणे, वेगाची चाचणी, वाहनाच्या टिकाऊपणाची चाचणी, इतक्या गोष्टी त्यात वगळलेल्या असतात. ट्रॅक डे ही शर्यत नव्हे, हे मुलाचे म्हणणे मान्य केले, तरी ती वेगाची चाचणीही नव्हे, असे कोण छातीठोकपणे सांगेल? १९८८च्या मोटार वाहन कायद्यातच, संघटित शर्यत व वेगचाचणी यांसाठी वाहन वापरले असल्यास कंपनीला आपली जबाबदारी नाकारण्याचा बचाव ठेवलेला आहे. शब्द संदिग्ध असेल तर त्याचा अर्थ तो लिहिणाऱ्या कंपनीच्या विरुद्ध लावावा, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९६६ सालीच सांगून ठेवले आहे, हेही खरे. पण हा अर्थ लावण्याची वेळ अपघातानंतर येते, आणि तो लावून घेण्यासाठी न्यायालयाच्या पायऱ्या आईला चढाव्या लागतात.

शिवाय हा कागद भारताच्या सीमेपर्यंतचाच. जादा हप्ता भरून तो नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव या सहा देशांपुरता वाढवून घेता येतो. उन्हाळ्यात मोटारसायकलीने भूतान-नेपाळकडे जाणाऱ्या मराठी मुलांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे. थायलंड त्या यादीत नाही. आणि तेथे तर तो दुसऱ्याच्या वाहनावर बसणार होता. म्हणजे हा कागद घरीच ठेवलेला बरा.

दुसरा कागद कचेरीकडून मिळालेल्या वैद्यकीय विम्याचा. येथे आमच्यातला भाषाशिक्षक जागा झाला. आरोग्यविम्यातील अपवादांची भाषा विमा नियामकाने २०१९ साली ठरवून दिली. त्यांतील नवव्या अपवादात गिर्यारोहण, मोटारशर्यत, घोडशर्यत वगैरे साहसी खेळांची यादी आहे. परंतु तेथे वगळले आहे ते अशा खेळांत 'व्यावसायिक' म्हणून भाग घेतल्यामुळे लागणारे उपचार. एका विशेषणाने सारा अर्थ फिरतो. पोटासाठी धावणारा वगळला, हौशी मनुष्य वगळला नाही. मुलाचा चेहरा उजळला. पण पुढच्याच पानावर दुसरी ओळ होती: उपचार भारतातील रुग्णालयातच घेतलेले असावेत.

तिसरा कागद परदेश प्रवासाच्या विम्याचा. सामान हरवले, विमान चुकले, दात दुखला, ताप आला, तर पैसे. मित्रमंडळी याच कागदाच्या भरवशावर निघाली होती. त्यात शर्यत आणि शर्यतीचा सराव, मग तो हौशी असो वा व्यावसायिक, सरळ वगळलेला होता. घराच्या कागदाने ज्या एका विशेषणाने दार उघडले होते, ते प्रवासाच्या कागदाने दोन शब्दांत बंद केले. साहसी खेळांसाठी जादा हप्ता भरून संरक्षण वाढवता येते, असे काही कंपन्या सांगतात. तेथेही कोणते खेळ मोजले आहेत, हे वाचावेच लागते. डोंगरावरून दोरीने उतरणे त्यात असेल आणि मोटारसायकल नसेल.

चौथा कागद वहिनींनीच त्याच्या नावे घेतलेला, आयुर्विमा महामंडळाचा. अशा पॉलिसीत मृत्यूची मूळ रक्कम बहुधा अडत नाही. पण अपघाताने मृत्यू आल्यास जी जादा रक्कम मिळते, तिच्या अटींत शिकार, गिर्यारोहण आणि कोणत्याही प्रकारची शर्यत वगळलेली असते. 'दुप्पट मिळतात' हे आपल्या घरोघरी पाठ असलेले वाक्य त्या अटींसह पाठ केले पाहिजे. आणखी एक गोष्ट. नवी पॉलिसी घेताना अर्जात छंदांविषयी प्रश्न असतो, आणि तेथे 'नाही' असे लिहिणे सोयीचे वाटते. विमा हा परस्परांच्या पूर्ण सचोटीवर उभा असलेला करार आहे. तीन वर्षे उलटल्यावर आयुर्विम्यास कोणत्याही कारणावरून हरकत घेता येत नाही, असा नियम आता आहे खरा. पण खोट्यावर उभे राहून तीन वर्षे मोजीत बसणे कोणत्या घराला शोभते?

पाचवा कागद विम्याचा नव्हताच. तो आयोजकांचा फॉर्म होता. मी स्वतःच्या जोखमीवर येत आहे, मला इजा झाल्यास आयोजक जबाबदार नाहीत, आणि भाड्याच्या मोटारसायकलीचे नुकसान मी भरून देईन, असे त्यात होते. मुलाने तो भ्रमणध्वनीवर न वाचताच मान्य करून टाकला होता. बाकीच्या कागदांत 'नाही' होते. या एका कागदात 'होय' होते, आणि ते त्याने स्वतः दिलेले होते.

पाचही कागद टेबलावर पसरून आम्ही दोघे काही वेळ गप्प बसलो. गंमत अशी की, तो खरोखरीच्या शर्यतीत उतरला असता, तर त्याची स्थिती कदाचित बरी असती. परदेशी स्पर्धेत उतरणाऱ्या स्वारास आपल्या देशाच्या महासंघाची परवानगी घ्यावी लागते, आणि उपचारांचा व मायदेशी परत आणण्याचा विमा असावा, अशी आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांची अपेक्षा असते. हौशी स्वार मात्र धड रस्त्यावरचा नाही, धड स्पर्धेतला नाही.

हा पेच केवळ आपल्याकडचा नव्हे. जर्मनीतील न्युर्बुर्गरिंगचा जुना मार्ग १९२७ सालचा, जवळजवळ एकवीस किलोमीटरचा. ठरावीक वेळी तो सर्वांना टोल भरून खुला असतो, आणि त्या वेळी तेथे वाहतुकीचे नेहमीचे नियम लागू असतात. तरीही तेथे झालेले वाहनाचे नुकसान अनेक जर्मन विमा कंपन्या भरून देत नाहीत. कडेचा लोखंडी कठडा वाकला तर त्याचाही खर्च वाहनवाल्याकडून घेतात. ब्रिटनमध्ये एकेका दिवसापुरता ट्रॅक डेचा विमा विकत मिळतो. पण नुकसानीचा पहिला मोठा हिस्सा बहुधा मालकाने स्वतःच सोसायचा असतो. स्लोव्हेनिया या छोट्या देशात २००७ साली शेतावरच्या कोठारात गवताचे भारे चढवताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा धक्का लागून एक मनुष्य शिडीवरून पडला. त्याचे प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेले. खाजगी जागेतही वाहनाला सक्तीचा विमा लागू होतो, असा निकाल २०१४ साली लागला, आणि साऱ्या युरोपातील मोटार-खेळांचे चालक हादरले. कारण शर्यतीचा मार्गही खाजगी जागाच. शेवटी २०२१ साली युरोपीय संघाने आणि २०२२ साली ब्रिटनने कायदा बदलून त्यातून वाट काढली. गवताच्या शिडीवरून पडलेल्या एका माणसामुळे शर्यतीच्या मैदानांची झोप उडाली. कागदावरच्या एका शब्दाची पोच किती लांब असते, याचे याहून चांगले उदाहरण आम्ही वर्गात देऊ शकणार नाही.

त्या रविवारी आम्ही मुलास 'जाऊ नकोस' असे म्हटले नाही. आम्ही त्याला पत्रे लिहावयास लावली. प्रश्न साधाच होता: अमुक तारखांना, अमुक देशात, बंदिस्त मार्गावर, हौशी म्हणून, भाड्याच्या मोटारसायकलीवर स्वारी करताना इजा झाली, तर रुग्णालयाचा खर्च, मायदेशी आणण्याचा खर्च आणि अपंगत्वाची भरपाई आपण द्याल काय? फोनवर सर्वांनी गोड आवाजात "होऊन जाईल, सर" असे सांगितले होते. लेखी उत्तरे आली ती वेगळी. प्रवासविम्याच्या कंपनीने दोन ओळींत नकार कळवला. दुसऱ्या एका कंपनीचे उत्तर निघण्याच्या दिवसापर्यंत आलेच नाही. कचेरीच्या वैद्यकीय विम्याकडून मात्र लेखी आले की, हौशी स्वारास भारतात झालेल्या इजेचे उपचार पॉलिसीत बसतात.

मित्र गेले. हा गेला नाही. भरलेली अनामत रक्कम बुडाली, आणि त्याने आमच्याशी पंधरा दिवस अबोलाही धरला. मित्र हसतखेळत परत आले, हेही सांगितले पाहिजे. बहुतेक लोक हसतखेळतच परत येतात. मग एके संध्याकाळी तो पेढे घेऊन आला. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथील पावणेचार किलोमीटरच्या मार्गावर त्याने दोन दिवस शिकवणीसह मोटारसायकल चालवली होती. जाताना कंपनीचे ते पत्र त्याने बरोबर ठेवले होते, आणि आईलाही नेले होते. "आई कशी होती रे?" आम्ही विचारले. "दिवसभर डोळे मिटून बसली होती, सर," तो म्हणाला. "पण पत्र तिच्याच पर्समध्ये होते."

वाचकहो, आपल्यांपैकी थोड्यांचीच मुले शर्यतीच्या मार्गावर जातील. पण इंदूर, बडोदे, बंगळूर, हैदराबाद, कोठेही असा, आपल्या घरात एक फाईल आहे, आणि तिच्यातील कागदांची मागची पाने बहुधा कोणी वाचलेली नाहीत. वाहन आणि विमा एकाच माणसाच्या नावे आहे काय? संरक्षण कोणत्या देशापर्यंत आहे? कोणता वापर वगळला आहे? उपचार कोठे घ्यावे लागतील, आणि तेथून घरी कोण आणील? या चार प्रश्नांची उत्तरे लेखी मागावीत. आयुर्विमा आणि आरोग्यविमा यांचा नवा कागद हाती आल्यावर तो न पटल्यास परत करण्यास आता ३० दिवस मिळतात. ते दिवस वाचण्यासाठीच दिलेले आहेत. कंपनीने दावा अन्यायाने नाकारला, अथवा लेखी तक्रारीस महिनाभर उत्तर दिले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. त्यास फी नाही, वकील लागत नाही. आपल्या शहरात ही कचेरी लकडी-का-पूल भागात आहे. बंगळूर, भोपाळ आणि अहमदाबाद येथेही आहे. साऱ्या देशाच्या विमा व्यवसायावर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाचे मुख्यालय तर आपल्याच नानकरामगुड्यात आहे. मात्र लोकपालही कागद वाचूनच न्याय करतात. जे कागदात नाही, ते त्यांनाही देता येत नाही.

वहिनींची फाईल आम्ही परत केली, तेव्हा तिच्यात तळाशी २००६ सालचा तो जुना कागद अजून होता. त्यांनी तो का जपला असेल, हे विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. त्याच्या मागच्या पानावर, अटींच्या त्या ओळीखाली, कोणीतरी पेन्सिलीने रेघ ओढलेली होती. अक्षर नव्हते, नुसती रेघ. पण ती त्या मुलाच्या हातची असावी, असे आम्हांस वाटते. आमच्या आधीच त्याने ते पान वाचले होते.